भरतीची पाटी आणि बिबड्यांचा डबा

नंदुरबार स्टेशनच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक पाटी टांगलेली असे. शाळेत वापरतात तीच, लाकडी चौकटीची. वडील रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी तिच्यावर दोन वेळा लिहीत. त्या दिवशी डुमसच्या किनाऱ्यावर भरती केव्हा येणार, त्या वेळा. डुमस सुरतेच्या पलीकडे, तापी समुद्राला मिळते त्याच्या जवळ. आमच्या घरातून समुद्र दिसत नव्हता, ऐकू येत नव्हता आणि घरात कोणालाही त्या वेळांचा उपयोग नव्हता. तरी आई भाकरी थापताना मान वळवून पाटीकडे बघत असे आणि म्हणत असे, "आते दरिया चढी ऱ्हायना व्हई."

वडील बुकिंग क्लार्क होते. खिडकीला जाळी, जाळीला हात जाईल एवढे भोक, त्यातून सुरतेकडची आणि भुसावळकडची तिकिटे द्यायची, हे त्यांचे काम. त्यांचा जन्म जवळच्याच कोरीट गावचा, शेतकरी घरातला. तिथले घर काकांच्या कुटुंबालाच पुरत नव्हते. आई तापीकाठची. लग्न झाल्यापासून ती रेल्वेच्या घरांत राहिली होती आणि प्रत्येक घर सोडताना भिंतीचे खिळे काढून बरोबर घेत होती. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावे लागते. त्यानंतर राहायचे कुठे, हा प्रश्न आमच्याकडे वडिलांची सहा-सात वर्षांची नोकरी शिल्लक असतानाच निघाला. पन्नासच्या दशकाचा तो मध्य होता आणि मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते.

वडिलांनी उत्तर आधीच ठरवले होते. समुद्रकाठी. समुद्र त्यांनी तोवर पाहिलेला नव्हता. सुरतेची तिकिटे त्यांनी किती दिली असतील याची गणती नाही, पण स्वतः ते त्या दिशेला नवापूरच्या पुढे गेले नव्हते.

शहाद्याकडचे एक गुजर शेतकरी केळीची वॅगन भरायला स्टेशनवर येत. वॅगन लागेपर्यंत ते वडिलांच्या खिडकीशी उभे राहत. त्यांनी हा बेत ऐकला तेव्हा ते मोठ्याने हसले.

"बाबूसाहेब, बठा जनम दुसरास्ले तिकिटं देवामा गया. आते सोताले एक फाडा. पन दरियाकाठे ऱ्हाईसन पेशात काय? मीठनं पानी?"

"पेवाले विहीर व्हई ना तठे," वडील म्हणाले. "तापीनं पानी जठे जास, ते जाईसन दखनं शे."

"मंग पानीलेच इचारा, तेच सांगी तुम्हले," गुजर काका म्हणाले आणि वॅगनकडे गेले.

वडिलांना वर्षाला रेल्वेचे पास मिळत. ठरले असे की दर उन्हाळ्यात एका पासावर समुद्रकाठचे एक गाव पाहायचे. वडिलांनी त्यासाठी एक वही केली. प्रत्येक गावाला एक पान. पाणी, डॉक्टर, स्टेशनचे अंतर, भाड्याचे घर, बाजार, भाषा. शेवटी दोन ओळी, एक त्यांच्या मताची आणि एक आईच्या. नियम त्यांनीच लिहून ठेवला होता. दोघांपैकी एकाला गाव नापसंत असेल तर ते रद्द. आई म्हणाली, माझी ओळ कशाला, तुम्ही न्याल तिथे मी येणारच. वडिलांनी ओळ खोडली नाही.

पहिले गाव अर्थातच डुमस.

आम्ही वैशाखात गेलो. सुरतेहून मोटारने तिथे पोचलो तेव्हा सकाळचे दहा-साडेदहा झाले होते. किनाऱ्यावरची वाळू काळी निघाली. आईने ती मुठीत घेऊन चोळली.

"हाई ते आपलीच माटी," ती म्हणाली. वडिलांनीही तसेच मानले. तापीने खानदेशची काळी माती वाहून आणून इथे पसरली, असे त्यांनी वहीत लिहिले. खरे कारण काय ते मला तेव्हा माहीत नव्हते आणि नंतरही मी ते शोधले नाही.

पाणी दूर होते. झाडांपासून पाण्यापर्यंत चालायला बराच वेळ लागला. मधे ओली, सपाट वाळू होती. पुढे जे घडले ते तापीकाठच्या माणसांच्या हातूनच घडू शकते.

आमच्याकडे उन्हाळ्यात नदी उतरली की लोक पात्रात जातात. वाळूत डांगरवाड्या, म्हणजे टरबूज-काकडीचे मळे, असतात, तिथेच चूल मांडून जेवण होते. पाणी उतरतेय की चढतेय हे पाहायला पाण्याच्या कडेला एक काठी रोवतात. काठी कोरडी पडली की निर्धास्त व्हायचे. वैशाखात उतरलेले पाणी आषाढाआधी परत येत नाही, आणि आले तर वर कुठेतरी पाऊस झालेला असतो. आईच्या माहेरी हे लहान पोरालाही ठाऊक होते.

वडिलांनी काठी रोवली. अर्ध्या तासात पाणी तिच्यापासून दहा-बारा पावले मागे गेले. आईने तीन दगड मांडून चूल पेटवली, वांगी भाजली, आम्ही जेवलो. ऊन वाढले तसे आम्ही झाडांखाली येऊन आडवे झालो. वळकटी, पितळी तांब्या, वडिलांच्या वहाणा आणि बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा चुलीपाशीच राहिला. पाण्याने जागा दिलेली होती, मग सामान उचलायचे कशाला?

आम्ही उठलो तेव्हा चूल नव्हती. काठी नव्हती. पाणी झाडांकडे येत होते आणि वळकटी त्यावर उघडून पसरली होती.

आई आधी आकाशाकडे आणि मग तापीच्या दिशेने बघत राहिली.

"वर कोठे पानी पडना व्हई?"

"आभाय ते कोरं शे," वडील म्हणाले. ते गुडघाभर पाण्यात उभे होते. धोतराचा सोगा भिजला होता.

मासे वाळत घालणारी एक बाई आमच्याकडे बघून हसत होती. ती पाण्यात शिरली, तरंगत चाललेला बिबड्यांचा डबा तिने पकडला आणि आईच्या हातात दिला. "आ तो भरती छे, बेन," ती म्हणाली. दर्या जातो आणि परत येतो, रोज दोन वेळा, हे तिने आम्हाला हातवारे करून समजावले. वहाणा कुठे गेल्या हे तिलाही सांगता आले नाही.

वडिलांनी तिला विचारलेला पहिला प्रश्न वहाणांचा नव्हताच. उद्या पाणी किती वाजता येणार, हे त्यांनी विचारले. आजच्यापेक्षा पाऊण तासाने उशिरा, ती म्हणाली. परवा? परवा आणखी पाऊण तासाने. वडिलांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तीस वर्षे गाड्यांच्या वेळांवर जगलेल्या माणसाला कळले होते की समुद्रालाही वेळापत्रक असते. तो लेट येतो, पण रोज तेवढाच लेट. "आपली सुरतेची गाडी असं करीन ते देव पावना," ते म्हणाले. त्यांनी खिशातले घड्याळ काढून वेळ टिपली.

आई डबा उघडून बघत होती. आमच्याकडे चैत्रात ज्वारीचे बिबडे करतात. ज्वारी भिजवून, भरडून, शिजवून त्यात तीळ, मिरची, लसूण घालायचे आणि पहाटे खाटांवर धोतरे अंथरून हाताने गोल थापायचे. खानदेशच्या उन्हात ते दिवसभरात खडखडीत होतात आणि वर्षभर टिकतात. क्वार्टरमधल्या बायका त्या दिवशी एकत्र जमत. आईचे बिबडे सर्वांत पातळ असत आणि ते तसे असल्याचे ती इतरांना सांगतही असे. समुद्रात तरंगून आलेल्या डब्यातले बिबडे कोरडे होते. तिने एक मोडला, कट आवाज आला.

"डबाना झाकननी लाज राखी," ती म्हणाली.

संध्याकाळी आम्ही धर्मशाळेत उतरलो. त्या गडबडीत एक बिबडा खिडकीच्या कट्ट्यावर राहून गेला. सकाळी आईने तो उचलला. तो तिच्या बोटांवरून जुन्या कापडासारखा खाली लोंबला.

"दखा. वाकी गया."

"भाजी ले ना मंग."

"एक भाजसू. वरीसभरना कसा भाजसू? आठे ते महिनामा बुरशी धरी." मग ती थोडी हसली. "ज्या घरमा बिबडा वाकस, त्या घरमा मानूसबी वाकस."

वडिलांनी वही काढली आणि आईच्या ओळीत लिहिले: बिबडा वाकला. नापसंत असे आईने म्हटले नव्हते, म्हणून गाव रद्द झाले नाही.

त्यानंतर ही पद्धतच झाली. कुठल्याही गावी उतरलो की आई डब्यातून एक बिबडा काढून खिडकीत ठेवी आणि सकाळी तो हातात घेई. वलसाडजवळच्या तिथलला गेलो, तिथेही वाळू काळी होती, पाणी गोड होते, डॉक्टर जवळ होता. बिबडा वाकला. पुढल्या वर्षी डहाणू. तिथे भाजीवालीने आईचे अहिराणी बोलणे ऐकून विचारले, "बाई, तुम्ही गुजरातच्या का?" संध्याकाळी आई वडिलांना म्हणाली, "सुरतवाला माले आपली समजतस आन आठला मराठी माले परकी." बिबडा तिथेही वाकला. डहाणूच्या पानावर वडिलांनी भाषेच्या रकान्यात "अडचण" असे लिहिले आहे. ती वही माझ्याजवळ आहे.

वडिलांचे मन मात्र डुमसवरच होते. तिथून परतल्यावर त्यांनी पाटी टांगली होती. पाऊण तासाचा हिशेब धरून ते रोजची भरती काढीत. त्यात चूक साचते हे त्यांना लवकरच कळले. पुढे कोणत्याही गावी गेलो तरी परतताना ते डुमसला एक दिवस काढीत, किनाऱ्यावर घड्याळ धरून उभे राहत आणि पाटी दुरुस्त करीत. स्टेशनचे घड्याळ जसे रोज मिळवतात तसे समुद्राशी पाटी मिळवून घ्यायची, असे ते सांगत. गुजर काका मुद्दाम घरी येऊन पाटी वाचत. "काय वहिनी, आज दरिया टायमावर शे का?" ते विचारत. आई उत्तर देई, "तुम्हनी वॅगननापेक्षा बरा शे."

मधल्या काळात मुंबई राज्याचे दोन भाग झाले. नंदुरबार महाराष्ट्रात राहिले, डुमस आणि तिथल गुजरातेत गेले. वडिलांनी डुमसचे पान काढून एक ओळ वाढवली: राज्य आता गुजरात. पास चालेल.

निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा डुमसला एक घर मिळत असल्याची चिठ्ठी आली. दोन खोल्या, ओटा, अंगणात विहीर. मालकीण विधवा होती, मागच्या खोलीत राहत असे. आम्ही तिघे पुन्हा वैशाखात गेलो. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. घर चांगले होते. ओट्यावर उभे राहिले की पाणी दिसत होते. वडिलांनी विहिरीचे पाणी पिऊन ते गोड असल्याचे सांगितले. ते नेहमीपेक्षा जास्त बोलत होते. आई खोल्यांतून फिरत होती. भिंतींवर कुठे खिळे मारता येतील ते तिने हाताने चाचपून पाहिले. संध्याकाळी तिने बिबडा काढला आणि खिडकीत ठेवला. मालकिणीला उत्तर सकाळी द्यायचे होते.

आईच्या डोळ्यांसमोर काय होते ते मला माहीत होते. चैत्रातल्या त्या खाटा, शेजारणी, छपरावर वाळणाऱ्या मिरच्या. वडिलांच्या डोळ्यांसमोर काय होते तेही माहीत होते, कारण ते सात वर्षे दारावर लिहिलेले होते. नियमाप्रमाणे दोघांपैकी एकाने नापसंत म्हटले तर गाव रद्द होणार होते. आणि त्यानंतर दुसरे गाव शोधायला वेळ नव्हता.

सकाळी वडील भरतीची वेळ घ्यायला किनाऱ्यावर गेले. मी विहिरीवरून पाणी घेऊन आले तेव्हा आई मालकिणीच्या शेगडीपाशी बसली होती. खिडकीतला बिबडा तिने चिमट्यात धरला होता आणि विझत्या निखाऱ्यांवर तो उलटसुलट फिरवत होती. त्यातला ओलावा जात होता. तिने मला पाहिले.

"चूप ऱ्हाय," ती म्हणाली. "तुन्हा बापले सांगू नको."

"काबर माय?"

"त्यासनी बठी उमर जाळीमा गयी. आते उघडं दखू दे त्यासले." तिने बिबडा फुंकून गार केला आणि खिडकीत जिथल्या तिथे ठेवला.

वडील आले. आईने त्यांच्यासमोर बिबडा उचलला आणि मोडला. कट आवाज झाला.

"आयका, मोडना."

वडिलांनी दोन्ही तुकडे तिच्या हातातून घेतले. उन्हात वाळलेला बिबडा पांढरट असतो. भाजला की त्यावर बारीक फोड येतात आणि कडा तांबूस होतात. तिकिटावरचा शिक्का बघावा तसा त्यांनी तुकडा उजेडाकडे धरला. मग अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा मला दिला. वही काढून काहीतरी लिहिले आणि मालकिणीच्या खोलीकडे गेले. परत आल्यावर त्यांनी वळकटी बांधायला घेतली.

"गाव जमत नही," ते म्हणाले.

"काबर? बिबडा ते मोडना."

"पानी जड शे."

"काल ते गोड शे म्हनेत तुम्ही."

"काल संध्याकाय व्हती. सकायले पीसन दखं."

आई वळकटीचे दुसरे टोक धरायला खाली बसली. त्या दोघांत त्या विषयावर पुढे काही बोलणे झाल्याचे मला माहीत नाही. गाडीत वडील डुलकी घेत असताना मी वही उघडली. डुमसच्या पानावर, आईच्या ओळीत, त्या दिवसाच्या तारखेपुढे एकच शब्द होता: भाजलेला.

निवृत्तीनंतर आम्ही नंदुरबारातच दोन खोल्या घेतल्या. वर गच्ची होती. पहिल्याच चैत्रात आईने तिथे खाटा चढवल्या आणि क्वार्टरमधल्या जुन्या शेजारणींना बोलावले. या घरात तिने सगळे खिळे पहिल्या दिवशी ठोकले. गुजर काका घर बघायला आले.

"काय बाबूसाहेब, दरिया खारा निंघना का?"

"खाराच व्हता," वडील म्हणाले. "आम्हना डबाले मानना नही."

काकांनी आईकडे पाहिले. आई चहा गाळत होती, तिने वर पाहिले नाही. पाटी स्वयंपाकघराच्या दाराशी होतीच. पाटी मिळवायला दरवर्षी आठ दिवस डुमसला जायचे, हे आईने ठरवले, वडिलांनी नव्हे. हिवाळ्यात जायचे. मुक्काम धर्मशाळेत. डबा बरोबर असे, पण आई झाकण उघडत नसे.

साठचे दशक संपत आले तेव्हा माझे लग्न होऊन मी सुरतेला होते. एका दिवाळीला माहेरी गेले तेव्हा वडिलांचा गुडघा इतका सुजलेला होता की त्यांना गच्चीवरही जाता येत नव्हते. पाटीवर वेळा होत्या. मी त्या वाचल्या. आईने मला बाजूला घेतले.

"दोन वरीस व्हयनात पाटी मिळाडी नही. त्यासले आते तिन्हा भरवसा वाटत नही. रोज लिखतस आन रोज पुशी टाकतस. तू जाय. काठी रोव आन टाईम लिखी धाड."

सुरतेला परतल्यावर मी डुमसला गेले. दुपारी, घड्याळ घेऊन. ओट्याचे ते घर तिथेच होते, दुसरे कोणी राहत होते. ओल्या काळ्या वाळूत मी काठी रोवली. पाणी तिच्यापाशी आले, तिच्यावरून पुढे गेले, आणि ते जिथून परत फिरले तिथपर्यंत मी त्याच्यापुढे मागे सरत राहिले. वेळ पोस्टकार्डावर लिहिली. दुसरे काही लिहिले नाही, कारण त्यांना दुसरे काही नको होते.

आठवड्याने त्यांचे कार्ड आले. अक्षर तेच, तिकिटाच्या नोंदवहीतले. "तुझी वेळ मिळाली. पाटी बावीस मिनिटे मागे होती, दुरुस्त केली. बिबड्यांचा डबा मालगाडीने पाठवत आहे, झाकण घट्ट लावून ठेवणे. तुझी आई विचारते, काठी रोवलीस तेव्हा सामान झाडाखाली ठेवले होतेस ना?"